'आपण' म्हणजे कोण? : शेतकऱ्यांचे समूहलेखन आणि बाजाराची भाषा

ग्रामीण साहित्याची आपली चर्चा अजूनही पुस्तकाच्या बांधाशी येऊन थांबते. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'पासून (१९७१) सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'पर्यंत (२००२) आपण शेतकऱ्याच्या जगण्याचे चित्रण तपासतो, बोलीचा वापर पाहतो, अनुभवाच्या अस्सलपणाविषयी वाद घालतो. हे सारे आवश्यकच आहे. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत एक गोष्ट घडली आहे आणि तिची दखल मराठी समीक्षेने जवळजवळ घेतलेली नाही. शेतकरी आता केवळ साहित्याचा विषय राहिलेला नाही. तो स्वतः रोज लिहितो आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत, फेसबुकच्या पानांवर, यूट्यूबच्या चित्रफितींखाली लिहितो आहे. हे लेखन साहित्य आहे की नाही, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. ते भाषेत घडते, त्यातून एक समूह आकाराला येतो आणि त्याच भाषेत शिरून बाजार आपला माल खपवतो, एवढे कारण ते वाचण्यासाठी पुरेसे आहे.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : या लेखनातला खरा संघर्ष एका सर्वनामाभोवती चालला आहे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही'मध्ये ऐकणारा वगळला जातो, 'आपण'मध्ये तो सामील होतो. शिवाय 'आपण' हेच रूप आदरार्थी द्वितीयपुरुषासाठीही वापरले जाते. 'आपण फवारणी करू' आणि 'आपण फवारणी करावी' या दोन वाक्यांतला 'आपण' एक नव्हे. पहिल्यात बोलणारा सोबत आहे. दुसऱ्यात तो बाजूला उभा राहून सांगतो आहे. या दोन अर्थांमधल्या फटीतूनच विक्रेता आत येतो.

शेतकऱ्याला उद्देशून होणाऱ्या मराठी लेखनाचा इतिहास मोठा आहे. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) छापण्याआधी त्यातील भाग लोकांपुढे वाचून दाखवले होते. म्हणजे या ग्रंथाचा पहिला वाचक हा वस्तुतः श्रोता होता. १९१० पासून मुकुंदराव पाटील यांनी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यातून 'दीनमित्र' चालवला. शरद जोशी यांनी चाकणच्या कांदा आंदोलनाच्या काळात 'वारकरी' साप्ताहिक काढले आणि 'भारत' विरुद्ध 'इंडिया' या मांडणीतून शेतकऱ्याला एक लढाऊ 'आम्ही' दिला. पुढे २००५ साली 'अ‍ॅग्रोवन'च्या रूपाने शेतीला वाहिलेले दैनिक आले. आकाशवाणी आणि दूरदर्शनचे शेतीविषयक कार्यक्रम तर कित्येक पिढ्यांच्या कानांत आहेत. या साऱ्या परंपरेत एक गोष्ट समान होती : बोलणारा एक, ऐकणारे अनेक. श्रोत्याचे पत्र क्वचित वाचले जाई, पण उत्तराचा अधिकार तज्ज्ञाकडे, संपादकाकडे किंवा नेत्याकडेच राही.

गटाने ही रचना मोडली. द्राक्ष बागायतदारांचे उदाहरण घ्या. द्राक्षाच्या बागेला वर्षातून दोन छाटण्या असतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. बागायतदार तारीख मोजत नाही. तो छाटणीपासूनचा दिवस मोजतो. गटात कोणी पानाचे छायाचित्र टाकतो, खाली दिवस लिहितो आणि विचारतो की हा करपा आहे, भुरी आहे की डाऊनी? ज्यांच्या बागा त्याच वयाच्या आहेत, ते उत्तर देतात. कोणी आपल्याही बागेतले पान दाखवतो, कोणी मागच्या हंगामातला अनुभव सांगतो. ज्याला टंकणे जमत नाही तो आवाजी निरोप पाठवतो. त्यात मागे मोटारीचा आवाज असतो, मध्येच कोणाला तरी मारलेली हाक असते. बागेच्या वयावरून माणसांचे नाते ठरावे, ही समूहाची कल्पना आपल्या जात-गाव-पक्ष या परिचित चौकटींहून वेगळी आहे. त्या चौकटी नाहीशा झाल्या असा भाबडा दावा मी करणार नाही. पण निफाडच्या आणि तासगावच्या माणसाला जोडणारा एक धागा येथे सापडतो आणि तो धागा भाषेचा आहे. या भाषेत 'आपण' क्वचितच उच्चारला जातो, कारण तो गृहीत असतो.

याच माध्यमाने एका दुर्लक्षित लेखनप्रकाराला वाचक मिळवून दिला. तो प्रकार म्हणजे बाजार समितीतली हिशोबपट्टी. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या हाती, किलोला एक रुपया भावाने आणि खर्च वजा जाता, २ रुपये ४९ पैसे उरले. धनादेश आला तो दोन रुपयांचा. ती पट्टी समाजमाध्यमांवर हजारोंनी पाहिली. त्याआधी २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे मिळालेले १,०६४ रुपये मनीऑर्डरने थेट पंतप्रधानांकडे पाठवून दिले होते. पट्टीत विशेषण नसते, उपमा नसते. वजन, भाव, हमाली, तोलाई, वाहतूक आणि शेवटची ओळ. परंतु हजारो शेतकरी ती ओळ एकाच रीतीने वाचतात, कारण प्रत्येकाच्या खणात तशी एखादी पट्टी पडलेली असते. खासगी अपमानाचा कागद सामुदायिक झाला की त्याचा अर्थ बदलतो. जो आकडा घरात लाज वाटून लपवला जात होता, तोच आकडा आता पुराव्यासारखा समोर ठेवला जातो. उपरोधाचे इतके निर्विकार उदाहरण अलीकडच्या मराठी गद्यात मला तरी सहजी आठवत नाही.

आता बाजूच्या पात्राकडे वळू. औषधे, खते, बियाणे, टॉनिक विकणाऱ्यांना हे फार लवकर कळले की शेतकऱ्याचा जाहिरातीवर विश्वास नसतो, शेजाऱ्याच्या प्लॉटवर असतो. पूर्वी त्यासाठी मेळावे आणि शिवारफेऱ्या होत. आता विक्री प्रतिनिधी गटाचा सदस्य होतो, किंवा गटच तो स्वतः काढतो. तो सकाळी हवामानाचा अंदाज टाकतो, भाव टाकतो, सणाच्या शुभेच्छा देतो, 'बळीराजा' म्हणतो. मग एखाद्या दिवशी हिरव्यागार प्लॉटचे छायाचित्र येते आणि खाली 'आपण' येतो : आपण अमुक मात्रेत हे सोडावे. हा 'आपण' कोणता? आदराचा की सोबतीचा? ऐकणाऱ्याला सोबतीचा वाटावा आणि जबाबदारीच्या वेळी तो आदराचा ठरावा, अशीच त्याची घडण असते. पीक साधले तर 'आपले', बुडाले तर 'तुमची मात्रा चुकली'.

यात सारेच विक्रेते लबाड असतात असे नव्हे. गावातला कृषी सेवा केंद्राचा दुकानदार अनेकदा स्वतः शेतकरी असतो, उधारी देतो, अडीअडचणीला उभा राहतो. प्रश्न हेतूचा कमी आणि संबोधनाचा अधिक आहे : सल्ला आणि विक्री एकाच वाक्यात आले की वाक्याचा कर्ता ओळखण्याची गरज निर्माण होते. त्या गरजेची किंमत कधी फार मोठी असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले. त्याचा दोष कोणत्याही गटावर टाकणे अन्यायाचे होईल. मात्र कोणते औषध, कशात मिसळून, कोणत्या संरक्षणाविना मारायचे, हे कोणाच्या शब्दावर ठरते हा प्रश्न तिथे उघडा पडला. आणि पाठीवर पंप घेणारा मजूर त्या शब्दांच्या संवादात कुठेच नव्हता, हेही.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. गटाचा 'आपण' जितका मोकळा भासतो तितका तो नाही. सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्याचाच बहुधा गटात आवाज. निंदणी-खुरपणी, वेचणी, काढणी यांचा मोठा भार वाहणाऱ्या स्त्रिया गटातल्या छायाचित्रांच्या पार्श्वभूमीला दिसतात. त्यांचे वाक्य क्वचित वाचायला मिळते. ग्रामीण साहित्याला दलित आणि स्त्रीवादी समीक्षेने विचारलेला प्रश्न येथे जसाच्या तसा लागू पडतो : हे कोणाचे गाव?

दुसरीकडे शेतकरी स्वतःच विक्रेता होतो तेव्हा भाषा कशी बदलते, तेही पाहण्याजोगे आहे. २०१६ साली महाराष्ट्रात फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद पडले तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांच्या गटांवरून थेट मागणी घेतली. मालाचा भाव स्वतः लिहिण्याची संधी त्यांतल्या कित्येकांना प्रथमच मिळाली असेल. पण त्याबरोबर 'गावरान', 'विषमुक्त', 'थेट बांधावरून' हे शब्दही आले. शहरी ग्राहकाला हवे असलेले खेडे शेतकरी त्याला शब्दांत बांधून देऊ लागला. अमेरिकेत २००९ साली ट्विटरवर सुरू झालेल्या 'अ‍ॅगचॅट' या साप्ताहिक संवादाचा रोख मुख्यतः हाच होता : शेतकऱ्याने आपली गोष्ट ग्राहकाला स्वतः सांगावी. शेतीची वकिली करणाऱ्यांसाठी तिथे 'अ‍ॅगव्होकेट' असा जोडशब्दही रूढ झाला. आपल्याकडचे गट मात्र आजही प्रामुख्याने आतल्या दिशेने बोलतात. माझ्या मते ही उणीव नव्हे, ते बळ आहे. जो समूह सतत बाहेरच्यासाठी बोलतो, तो हळूहळू स्वतःशी बोलणे विसरतो.

आतले बोलणे वेळ आली की बाहेर पडतेच. १ जून २०१७ रोजी पुणतांब्यातून पेटलेला शेतकरी संप राज्यभर पसरला, त्यात या गटांचा वाटा होता. २०२०-२१ च्या दिल्लीच्या सीमेवरील आंदोलनाने तर स्वतःची समाजमाध्यम यंत्रणाच उभी केली. त्यांचे फेसबुक पान डिसेंबर २०२० मध्ये काही तास बंद झाले आणि पुन्हा सुरू झाले. त्याच महिन्यात, ऐन समाजमाध्यमांच्या काळात, त्या आंदोलनाने 'ट्रॉली टाइम्स' नावाचे छापील पत्र काढले, कारण ट्रॉल्यांमध्ये बसलेल्या साऱ्यांच्या हाती तसा फोन नव्हता. दुसऱ्याच्या मालकीच्या फलकावर लिहिणाऱ्याने स्वतःचा एक कागदही जवळ ठेवावा, हा शहाणपणा त्यातून घेण्यासारखा आहे.

यावर आक्षेप येईल की हे लेखन क्षणिक आहे, अफवांनी भरलेले आहे, पुनरावृत्तीने कंटाळवाणे आहे. आक्षेप खरा आहे. पण लोकगीतांचा, ओव्यांचा, कीर्तनाचा अभ्यास आपण निर्दोषतेच्या अटीवर केला नाही. आणि क्षणिकता हेच तर घाईचे कारण आहे : फोन बदलला की एका हंगामाचे सारे संभाषण पुसले जाते. मराठी विभागांनी गटांची रीतसर संमती घेऊन, नावे वगळून, एखाद्या तालुक्याचा एक हंगाम जरी नोंदवून ठेवला, तरी भाषाभ्यासाला आणि साहित्याच्या समाजशास्त्राला त्याचा उपयोग होईल. याउलट वर्गात शिकवलेले निवेदक-संबोधित-हेतू यांचे विश्लेषण गटात परत गेले, तर त्याचा उपयोग अधिक थेट आहे. आपल्या वर्गांत बसणारी बरीच मुले शेतकऱ्यांचीच आहेत. त्यांनी निदान एवढे घरी घेऊन जावे, की फोनवर 'आपण' दिसला तर पंप भरण्यापूर्वी विचारायचे : यात बोलणारा धरला आहे की नाही?