घराजवळून हाय टेन्शन लाइन जाते? धोका नेमका कशाचा, समजून घ्या

हाय टेन्शन लाइनखाली हातात ट्यूबलाइट धरली की ती वायर न जोडताच मंद उजळते. असे व्हिडिओ सोशल मीडियावर फिरतात आणि खाली हमखास प्रश्न येतो: ट्यूब पेटते, मग शेजारी राहणाऱ्यांचं काय होत असेल?

ट्यूब पेटते, हे खरं आहे. तारेवरच्या व्होल्टेजमुळे भोवती विद्युत क्षेत्र तयार होतं. पण भिंती, छप्पर आणि झाडं हे क्षेत्र बऱ्याच प्रमाणात अडवतात. त्यामुळे घरात ते बाहेरच्या तुलनेत खूपच कमी असतं.

मग कॅन्सरची चर्चा कुठून आली?

ती आहे चुंबकीय क्षेत्राबद्दल. तारेतून वाहणाऱ्या करंटमुळे ते तयार होतं. भिंत त्याला अडवत नाही, मात्र तारेपासून दूर जाल तसं ते झपाट्याने घटतं.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरमधील एका अभ्यासात वीजवाहिन्या आणि मुलांमधला कॅन्सर यांचा संबंध दिसला. २००० मध्ये अनेक देशांतली आकडेवारी एकत्र तपासली गेली. तेव्हा सरासरी ०.४ मायक्रोटेस्लाहून जास्त चुंबकीय क्षेत्र असलेल्या घरांतल्या मुलांमध्ये ल्युकेमियाचं प्रमाण साधारण दुप्पट आढळलं. अशी घरं मात्र फार थोडी होती आणि आजाराचं कारण हेच, असं सिद्ध झालं नाही.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये या चुंबकीय क्षेत्राला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या २बी गटात ठेवलं. विद्युत क्षेत्राबाबत पुरावा अपुरा असल्याने ते गट ३ मध्ये गेलं.

खरी काळजी कशाची घ्यायची?

अंतराची. उच्चदाबाच्या तारेला हात लागलाच पाहिजे असं नाही. फार जवळ गेलं तरी हवेतून ठिणगी उडून जीव जाऊ शकतो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार ११ केव्हीची तार इमारतीपासून आडव्या दिशेने किमान १.२ मीटर आणि छतापासून ३.७ मीटर दूर हवी. २२० केव्हीसाठी हेच अंतर ३.८ आणि ५.५ मीटर होतं. तार वाऱ्याने झुलते, उन्हाळ्यात तापून खाली झुकते. तेव्हाही हे अंतर राहिलं पाहिजे.

बऱ्याचदा लाइन आधीची असते आणि घर नंतर वाढतं. वर एक मजला चढतो, पत्र्याची शेड होते, गॅलरी पुढे येते आणि अंतर संपतं. मग गच्चीवर कपडे वाळत घालताना, लोखंडी सळई उचलताना किंवा संक्रांतीत अडकलेला पतंग काढताना अपघात होतो.

त्यामुळे बांधकाम वाढवण्याआधी महावितरणकडून, मोठ्या मनोऱ्यांची लाइन असेल तर महापारेषणकडून, अंतर तपासून घ्या. अंतर कमी असेल तर लेखी तक्रार करा आणि तिची पोच जपून ठेवा.