कौटुंबिक हिंसाचार : प्रशिक्षण कोणाला आणि कशाच्या बळावर?

घरातील मारझोड आणि बालकांवरील अत्याचार यांना आळा घालण्यासाठी परिषदा, कार्यशाळा व प्रशिक्षण-शिबिरे भरविण्याची प्रथा आपल्या देशात आता चांगलीच रुळली आहे. न्यायाधीश, पोलीस अधिकारी, डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, समाजकार्याचे प्राध्यापक आणि स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी दोन-तीन दिवस एकत्र बसतात, निबंध वाचले जातात, ठराव संमत होतात. श्रमिक चळवळीतील अनेक कार्यकर्ते या साऱ्याकडे तुच्छतेने पाहतात. सुशिक्षितांच्या या मेळाव्यांचा वस्तीतल्या बाईशी काय संबंध, असा त्यांचा सवाल असतो. सवालात तथ्य आहे. तुच्छता मात्र चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे आधी सांगितले पाहिजे.

१९६२ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाणीला बळी पडलेल्या बालकांच्या लक्षणांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वीही तान्ह्या मुलांची मोडलेली हाडे क्ष-किरण चित्रांत दिसतच होती. आईबाप 'पाळण्यातून पडला' म्हणत आणि डॉक्टर तेच लिहून घेत. जखम आणि तिची सांगितलेली हकीकत यांचा मेळ बसत नसेल, तर पुढचा प्रश्न विचारणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे, एवढेच या निबंधाने वैद्यकीय व्यवसायाला बजावले. परंतु तेवढ्याने फार मोठा फरक पडला. काही वर्षांतच अमेरिकेतील सर्व राज्यांनी अशी प्रकरणे कळविण्याची सक्ती करणारे कायदे केले. १९७७ साली या प्रश्नावर काम करणाऱ्या व्यावसायिकांची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली, आणि तिची आशिया-पॅसिफिक विभागाची परिषद २०११ च्या ऑक्टोबरात नवी दिल्लीत भरली.

आपल्याकडे डोळे उघडले ते २००७ साली. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून तयार केलेला अहवाल त्या वर्षी प्रसिद्ध झाला. दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ला होता. कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईबापच होते. ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले, आणि अत्याचार करणाऱ्यांत निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. भारतीय कुटुंबाच्या पावित्र्याची अखंड स्तोत्रे गाणाऱ्यांना या अहवालाला उत्तर देता आले नाही. २०१२ साली बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 'पॉक्सो' कायदा झाला, त्याच्या पाठीशी अशा अभ्यासांचे बळ होते. पोलिसांना व इतर संबंधितांना नियतकालिक प्रशिक्षण देण्याची जबाबदारी या कायद्याच्या ४३ व्या कलमाने सरकारवर टाकली आहे. अडाणी शिपायाने आणि बेपर्वा डॉक्टरने केलेले प्रश्न हा मुलावरचा दुसरा अत्याचार असतो. म्हणून प्रशिक्षण हवे, याबद्दल वाद नाही.

अज्ञान केवळ खालच्या पायरीवर असते असेही नाही. बलात्कारित स्त्रीची 'दोन बोटांची' तपासणी ही अशास्त्रीय व अपमानकारक प्रथा थांबवावी, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली काढल्या. तरीही ती चालूच राहिली. शेवटी ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की अशी तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. शिवाय रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्या, वैद्यकीय महाविद्यालयांचा अभ्यासक्रम तपासा, असेही न्यायालयाने बजावले. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या डॉक्टरला हे नव्याने शिकवावे लागते, यावरून त्या पदवीच्या पाच वर्षांत त्याला काय शिकविले गेले याची कल्पना यावी.

चांगले प्रशिक्षण कसे असते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महानगरपालिका व 'सेहत' ही संशोधन संस्था यांनी मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केले. स्टोव्हच्या भडक्याने भाजलेली, 'चुकून' विष प्यालेली, 'जिन्यावरून पडलेली' बाई पहिल्यांदा येते ती रुग्णालयात. पोलीस ठाण्यावर जायला तिला हिंमत लागते, सबब लागते. केसपेपर काढायला लागत नाही. हे ओळखून केंद्र रुग्णालयाच्या आतच, इतर विभागांसारखे ठेवले गेले. डॉक्टरांना व परिचारिकांना संशय कसा घ्यावा, एकांतात कसे विचारावे, नोंद कशी करावी हे शिकविले, आणि पुढे त्यांच्यातूनच शिकविणारे तयार केले. केरळनेही आपल्या रुग्णालयांत 'भूमिका' नावाने अशी केंद्रे उघडली. त्याआधी, १९८४ साली, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष काढला होता. पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसविण्याची ही कल्पना पुढे राज्य शासनानेही स्वीकारली. या दोन्ही ठिकाणी शिकलेल्या माणसाला बसायला खोली मिळाली, करायला ठरलेले काम मिळाले आणि मागे एक संस्था उभी राहिली. परिषदेतील निबंधांत ही साधी गोष्ट क्वचितच आढळते.

आता सरकारने काय केले ते पाहू. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली संमत झाला व २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. डाव्या व इतर महिला संघटनांच्या प्रदीर्घ लढ्याचे हे फलित होय. मारहाणीबरोबरच लैंगिक, शाब्दिक, मानसिक व आर्थिक छळालाही त्याने हिंसाचार म्हटले. (मराठीत या साऱ्याला 'सासुरवास' हा एक शब्द पूर्वीपासून आहे. इंग्रजीतून भाषांतरित झालेल्या पुस्तिकांतील जडजंबाल व्याख्यांऐवजी शिबिराची सुरुवात या शब्दापासून केली, तर निम्मे काम हलके होईल.) बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, अर्जाचा निकाल शक्यतो साठ दिवसांत लागावा असे म्हटले, आणि ११ व्या कलमाने पोलीस व न्यायखात्यातील अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकली. या सर्व यंत्रणेचा कणा म्हणजे संरक्षण अधिकारी. अनेक राज्यांनी हे पद स्वतंत्रपणे भरलेच नाही. आधीच कामाने वाकलेल्या एखाद्या अधिकाऱ्याला 'अतिरिक्त कार्यभार' देऊन मोकळे झाले. जुलै २०२२ मध्ये या कायद्याखालील ४ लाख ७१ हजारांहून अधिक प्रकरणे देशभर तुंबलेली होती. एकेका अधिकाऱ्याच्या वाट्याला पाच-सहाशे प्रकरणे येतात, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बोट ठेवले. मे २०२५ मध्ये, म्हणजे कायदा अंमलात आल्यावर साडेअठरा वर्षांनी, जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा, असा आदेश त्याच न्यायालयाला राज्यांना द्यावा लागला. पाचशे प्रकरणे हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला संवेदनशीलतेवर व्याख्यान देऊन काय होणार? त्याला हाताखाली माणूस हवा, वाहन हवे, आणि पीडितेला त्या रात्री ठेवण्यासाठी निवारागृह हवे.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून होणारा हिंसाचार भोगला आहे. शारीरिक वा लैंगिक हिंसाचार सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या केवळ १४ टक्के, आणि त्यांतील बहुतेकींनी ती माहेरच्यांकडे मागितली. पोलीस, डॉक्टर, वकील यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणजे ज्यांना प्रशिक्षण दिले जाते, त्यांच्या दारापर्यंत बाई पोहोचतच नाही.

आणि पोहोचलीच तर? १९८३ साली स्त्री-संघटनांच्या आंदोलनानंतर भारतीय दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा न्यायसंहितेच्या ८५ व ८६ या कलमांनी घेतली. या कलमाचा 'गैरवापर' होतो, ही ओरड ते जन्मल्यापासून चालू आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने तक्रारी आधी जिल्ह्याच्या कुटुंब कल्याण समितीकडे पाठविण्याचा आदेश दिला. २०१८ साली मोठ्या पीठाने या समित्या रद्द केल्या. जुलै २०२५ मध्ये मात्र त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने अलाहाबाद उच्च न्यायालयाची २०२२ ची तशीच मार्गदर्शक तत्त्वे उचलून धरली. गुन्हा नोंदविल्यावर दोन महिने अटक नाही, प्रकरण समितीकडे. या समितीवर कोण बसू शकते? तरुण वकील वा कायद्याच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, समाजसेवक, निवृत्त न्यायाधिकारी, आणि जिल्ह्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सुशिक्षित पत्नी! त्यांना प्रशिक्षण किती? जास्तीत जास्त एक आठवडा. नवऱ्याने मारले म्हणून आलेल्या शेतमजूर बाईने दोन महिने त्याच छपराखाली राहून साहेबांच्या मंडळींपुढे समेटासाठी बसावयाचे, असा याचा व्यवहारात अर्थ होतो. येथे प्रशिक्षण हा शब्द बाईचा कायदेशीर हक्क काढून घेण्यासाठी पडद्यासारखा वापरला गेला आहे. याला संघटित विरोध झालाच पाहिजे.

खाली, गावात, हे सारे काम कोणाच्या डोक्यावर येते? अंगणवाडी सेविकेच्या आणि आशा कार्यकर्तीच्या. बालविवाह कळवा, कुपोषित मूल शोधा, मारहाणीच्या घराकडे लक्ष ठेवा. गावातील प्रत्येक घरात बिनदिक्कत जाऊ शकणारी ही एकमेव सरकारी व्यक्ती. पण सरकार तिला कर्मचारी मानीत नाही. २०१८ साली केंद्राने सेविकेचे मानधन ४,५०० रुपये व मदतनिसाचे २,२५० रुपये ठरविले. त्यावरचे राज्याच्या मर्जीवर. उपदान मिळविण्यासाठीसुद्धा या बायांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. निकाल एप्रिल २०२२ मध्ये लागला. मानधनावरील बाईने गावातील मातबराच्या घरातला बालविवाह अडवावा, ही अपेक्षा किती क्रूर आहे हे राजस्थानने एकदा दाखविले आहे. भटेरी गावच्या भंवरी देवी या शासनाच्या महिला विकास कार्यक्रमातील 'साथिन' होत्या. त्यांना प्रशिक्षण मिळाले होते, आणि १९९२ साली एका तान्ह्या मुलीचे लग्न रोखण्याचे आपले काम त्यांनी चोख केले. गावाने बहिष्कार घातला. त्याच वर्षी सप्टेंबरात सामूहिक बलात्कार झाल्याची तक्रार त्यांना करावी लागली. १९९५ साली जयपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून सोडून दिले. कामाच्या जागी स्त्रीला संरक्षण देणारा कायदाच देशात नव्हता, म्हणून १९९७ चा 'विशाखा' निकाल आला. साथिनीला शिकविणाऱ्या शासनाने तिच्या पाठीशी काय उभे केले होते, हा प्रश्न त्या निकालानंतरही शिल्लक आहे.

आणखी एक गोष्ट परिषदांच्या विषयपत्रिकेवर सहसा नसते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या मजुरांत मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. मुलीला मागे ठेवावे तर ती सुरक्षित नाही, सोबत न्यावे तर शाळा बुडते, आणि लग्न लावले तर एक नवा कोयता तयार होतो. अशा घरात बालविवाह हा अज्ञानाचा प्रश्न उरत नाही. तो उचलीच्या हिशेबाचा भाग होतो. वसतिगृहे, रेशन, आणि मुकादमाच्या उचलीऐवजी कारखान्याकडून प्रत्येक मजुराला स्वतंत्र मजुरी, एवढे मिळाल्याखेरीज तेथे जागृतीचे फलक फडकवून काहीही साधणार नाही. याचा अर्थ दारिद्र्य गेले की मारझोड जाईल, असा कोणी घेऊ नये. बंगल्यांतही बायका मार खातात. फक्त तेथे भिंती जाड असतात.

म्हणूनच आपल्या घरांकडेही वळले पाहिजे. मोर्चात सर्वांच्या पुढे असणारा, तुरुंगवास भोगलेला कार्यकर्ता घरी हात उगारतो, आणि शाखेतील सर्वांना हे ठाऊक असूनही 'तो त्यांचा घरगुती मामला' म्हणून विषय टाळला जातो, असे घडत नाही असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकेल काय? तक्रार आलीच तर दोन ज्येष्ठ कॉम्रेड्स घरी जातात, वहिनींना समजावतात, चहा होतो. हीच ती कुटुंब कल्याण समिती, आपल्या झेंड्याखालची. अशी तक्रार आल्यास शाखेने आपसांत मिटविण्याचा खटाटोप न करता तिची लेखी नोंद घ्यावी, महिला आघाडीच्या कार्यकर्तीला मध्ये घ्यावे, बाईला संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत व वकिलापर्यंत नेऊन पोहोचवावे, आणि सभासदावरील शिस्तभंगाचा विचार स्वतंत्रपणे करावा. मुलाबाबतचा लैंगिक अपराध असेल तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला तो कळविणे 'पॉक्सो'च्या १९ व्या कलमाने सक्तीचे आहे; सभासदालाही त्यात सवलत नाही.

महाराष्ट्राबाहेर, इंदूर-बडोद्यापासून हैदराबाद-बेळगावपर्यंत काम करणाऱ्या मराठी सभासदांना एक विनंती. आपल्या जिल्ह्यात संरक्षण अधिकारी कोण आहे, त्याच्याकडे हे एकच काम आहे की पाच, निवारागृह कोठे आहे व रात्री ते उघडे असते की नाही, याची चौकशी प्रत्येक शाखेने येत्या महिन्याभरात करावी. माहिती अधिकाराखाली अर्ज द्यावा लागला तर द्यावा. अंगणवाडी व आशा कार्यकर्त्यांच्या युनियनने आपल्या मागण्यांत वेतनाबरोबर हेही जोडावे की हिंसाचाराची खबर देणाऱ्या सेविकेचे नाव गुप्त राहील, आणि तिच्यावर हल्ला झाल्यास तो कामावरचा अपघात समजून पूर्ण भरपाई मिळेल.