श्रद्धा सोडलेला आणि श्रद्धा जपलेला

अमेरिकी सिनेटातील डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांच्यावरील माझ्या मागील लेखास उत्तर म्हणून आलेल्या एका विद्वान वाचकांच्या पत्रात, पुरोगामी पुढाऱ्याला मॉर्मन श्रद्धा म्हणजे केवळ ओझे, असा निर्वाळा दिलेला पाहून मी या सप्ताहात खरोखर व्यथित झालो. त्यांनी दुसरे डेमोक्रॅट नेते मो युडॉल आठवावेत.

ॲरिझोनाच्या मॉर्मन घराण्यात जन्मलेले युडॉल पंथापासून केव्हाच दुरावले होते आणि कृष्णवर्णीयांना पौरोहित्य नाकारणारा त्याचा नियम त्यांना सर्वस्वी अमान्य होता. तरीही १९७६ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी ते मिशिगनमध्ये जिमी कार्टर यांच्याशी झुंजत असता डेट्रॉइटचे महापौर कोलमन यंग यांनी तोच नियम त्यांच्या माथी मारला आणि ते अगदी थोडक्या मतांनी पराभूत झाले. पंथाने तो नियम १९७८ साली रद्द केला. युडॉल यांच्या वाट्याला पंथाचा कलंक आला, पंथाचे बळ आले नाही.

रीड यांनी ते बळ स्वेच्छेने पत्करले. नेवाडातील सर्चलाइट या खाणगावी दारिद्र्यात वाढलेला हा मनुष्य विद्यार्थिदशेत सपत्नीक मॉर्मन झाला आणि पुढे, पंथाला मद्य व जुगार निषिद्ध असताना, १९७७ ते १९८१ नेवाडाच्या जुगार-नियंत्रण आयोगाचा अध्यक्ष होता; लाच देऊ पाहणाऱ्यास त्याने पकडून दिले आणि १९८१ साली त्याच्या कुटुंबाच्या मोटारीला बॉम्ब लावलेला आढळला. मतदार सिद्धांताआधी आचार पाहतो, हे मी या स्तंभात पुनःपुन्हा सांगत आलो आहे. जो स्वतः पत्त्याला हात लावीत नाही, त्याच्या हाती जुगाराचे दप्तर निर्धास्तपणे सोपवावे, असे लास व्हेगासच्या कष्टकऱ्यालाही वाटले असले पाहिजे, ही माझी दृढ धारणा आहे. आपण डेमोक्रॅट आहोत ते मॉर्मन असल्यामुळेच, असे रीड यांनी २००७ साली ब्रिगम यंग विद्यापीठात, प्रतिपक्षाच्या बालेकिल्ल्यात उभे राहून सांगितले. महिन्यातील एका रविवारी दोन वेळचे जेवण वर्ज्य करून त्याचा पैसा गोरगरिबांस देणाऱ्या पंथात ज्याची बुद्धी घडली, त्याने २४ डिसेंबर २००९ रोजी आरोग्यविम्याचा कायदा सिनेटात ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर करवून घ्यावा, यात मला विसंगती दिसत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये लास व्हेगासला रीड यांना अखेरचा निरोप देण्यास ओबामा आले, बायडन आले, आणि पंथाचे ज्येष्ठ धर्माधिकारी रसेल बॅलर्डही आले.