गती आणि लय

शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीतून एखादी बुटकी, रुंद चाकांची स्पोर्ट्‌स कार गुरगुरत वाट काढू लागली, की म्हापशातील वडीलधाऱ्यांच्या भुवया वर चढतात. ‘पैशाचा माज, दुसरे काय!’ असा निकाल गाडी दृष्टीआड होण्यापूर्वीच लागलेला असतो. आमच्याही दारी अशी एक गाडी आहे. तेव्हा या निकालाविरुद्ध अपील करणे आम्हांस भाग आहे. मात्र ते करताना आमच्याच पक्षातील काहींना पिंजऱ्यात उभे करावे लागेल, हे प्रारंभीच सांगून टाकतो.

पहिला आक्षेप असा, की हे खूळ आपल्या मातीतले नव्हे. वस्तुस्थिती निराळी आहे. १९९८ साली आलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स कार गोव्यातच, वेर्णे येथे तयार होत असे. तिचे रेनॉचे इंजिन ११४९ सीसीचे आणि जेमतेम ६० अश्वशक्तीचे होते. आजची साधी कुटुंबाची मोटारही शक्तीत तिला मागे टाकील. पण केवळ चालवण्याच्या आनंदासाठी घडवलेली मोटार गोमंतकात निर्माण झाली होती, याचा विसर पडू नये.

दुसरा आक्षेप उधळपट्टीचा. ज्या घरांनी देवळांच्या उत्सवांत पदरमोड करून गवयांच्या मैफली करविल्या, त्यांनी तरी तो घेऊ नये. उपयुक्ततेच्या तराजूत तंबोराही हलकाच भरेल. उत्तम यंत्र ही माणसाच्या बुद्धीची आणि हाताची कलाकृती असते. स्टिअरिंग किंचित वळवताच अचूक प्रतिसाद देणारी आणि चालकाची चूक न झाकता त्याच्या पदरात घालणारी गाडी माणसाला शिकवते. म्हणूनच ती बाळगावी. गवसणीतला तंबोरा जसा व्यर्थ, तशीच आच्छादनाखाली ठेवून पाहुण्यांना दाखवण्यापुरती उरलेली गाडीही व्यर्थ.

मग ती चालवावी कशी? लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकरांच्या गोमंतकाला हे सांगायला नको, की गती म्हणजे लय नव्हे. ज्याला विलंबित सांभाळता येत नाही, त्याची द्रुत म्हणजे निव्वळ धावपळ. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. रस्त्यावर गाय दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढे अंतर सरते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. हे गणित कोणाच्याही अश्वशक्तीला भीक घालत नाही. वळणाआधीच वेग उतरवणे, टायरांची झीज स्वतः तपासणे, पावसाळ्यात चोर्ला घाटातील धुक्याचा मान राखणे, म्हापशाहून डिचोलीला जाताना वाड्यावर शिरताच इंजिनाचा आवाज आवरणे, याला आम्ही नीट चालवणे म्हणतो. पूर्ण वेगाची हौस असेल त्याने कोईमतूरच्या वा चेन्नईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर जावे. कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक ब्रिटनमधील फॉर्म्युला थ्री शर्यतींत उतरले. तिथवरची वाट रियाजाची असते, हमरस्त्यावरच्या हुल्लडबाजीची नव्हे.

आता आमच्या पक्षातील आरोपी. ६ ऑगस्ट २०२३ रोजी बाणस्तारी पुलावर एका भरधाव मर्सिडीजच्या धडकेने तिघांचे प्राण गेले. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शेच्या धडकेने दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे. अल्पवयीनाने असा गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने झाली आहे. पण पेडण्या-डिचोलीतील आपल्या जुन्या घरांना कायदा सांगण्याची वेळ यावी, हीच नामुष्की आहे. सारेगम न शिकलेल्या मुलाला आपण मैफलीत बसवत नाही; मग ज्याला सायकलही धड आवरत नाही, त्याच्या हाती तीनशे अश्वशक्ती कोणत्या मायेपोटी देतो?

म्हणून आमचे मागणे दुहेरी आहे. टीकाकारांनी गाडीला दोष देणे सोडावे, आणि मालकांनी शिकावे. शिकण्याची तयारी नसेल, तर गाडी विकून टाकावी. तिची किंमत परत मिळेल; रस्त्यावर गेलेल्या जिवाची मिळत नाही.