टिक मारली म्हणजे झालं?

आधीच सांगतो, आजची पोस्ट चिडून लिहिलेली आहे. ज्यांना वीकएंडला हलकंफुलकं वाचायचंय त्यांनी पुढच्या शनिवारी यावं, तेव्हा मिसळीवर लिहीन. :)

विषय आहे एका कागदाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशन थिएटरसाठी एक चेकलिस्ट काढली. एक पान, १९ मुद्दे, तीन थांबे. पहिला थांबा भूल देण्याआधी : पेशंट तोच ना, ऑपरेशन तेच ना, बाजू कोणती, तिथे खूण केली आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर चालू आहे का. दुसरा थांबा कातडीला सुरी लागण्याआधी : खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, अँटिबायोटिक गेल्या ६० मिनिटांत दिलं का ते विचारायचं, काय बिघडू शकतं ते सर्जनने बोलून दाखवायचं. तिसरा थांबा पेशंटला थिएटरबाहेर नेण्याआधी : मॉप, सुया, हत्यारं मोजून जुळली का. बस्स. यात डॉक्टर नसलेल्याला कळणार नाही असं काहीही नाही.

आता या साध्यासुध्या कागदाने काय केलं ते बघा. टोरांटो, सिॲटल, लंडन, ऑकलंड, अम्मान, मनिला, टांझानियातलं इफाकारा आणि आपली नवी दिल्ली अशा आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांमध्ये तो वापरून पाहिला. निकाल जानेवारी २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. ऑपरेशननंतर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. गंभीर गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही. फक्त थांबा आणि एकमेकांशी बोला!

या कामाचं नेतृत्व करणारे सर्जन अतुल गावंडे. त्यांचे वडील विदर्भातल्या उटी गावचे. म्हणजे 'मराठी माणसाचा जगात डंका' छापाच्या मेलसाठी आयता मसाला. आपण त्यांची पुस्तकं वाचतो, ऑफिसातल्या प्रेझेंटेशनमध्ये त्यांची वाक्यं टाकतो. आणि स्वतःच्या आईचं ऑपरेशन ठरलं की हॉस्पिटलला काय विचारतो? रूम एसी आहे का, कॅशलेस आहे का, पार्किंग कुठे. चेकलिस्टचं नाव कोण काढतं?

बरं, आपल्याकडे हॉस्पिटलांत हा कागद नसतो असं नाही. असतो की! मानांकन हवं असेल तर चुकीचा पेशंट किंवा चुकीची बाजू टाळण्याची व्यवस्था दाखवावी लागते, म्हणून फाईलमध्ये तो लागतोच. माझी एक मामेबहीण थिएटर नर्स आहे. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, तिची नोकरी मला प्यारी आहे. गणपतीत भेटली तेव्हा सांगत होती, "दादा, आमच्याकडे ना, सरांची केस संपली की मी बसून सगळ्या टिका मारते. दिवसाच्या सहा केस असतील तर सहाच्या सहा फॉर्म एकदम. ऑडिटवाले येतात, कागद बघतात, खूश होऊन जातात." मी विचारलं, आणि मोठ्याने वाचायचं असतं त्याचं काय? ती हसली. "सरांना थांबवून कोण वाचणार? तू येतोस का?"

मंडळी, इथे माझं डोकं फिरलं. कारण हा प्रकार आपल्याला नवा नाही. आपण रोज हेच बघतो. रिलीजच्या आदल्या रात्री दोन वाजता एक्सेल शीट उघडायची आणि 'टेस्टेड' कॉलम वरून खालपर्यंत ड्रॅग करायचा. रिव्ह्यू न करता 'रिव्ह्यूड' लिहायचं. क्वालिटीवाल्यांना कागद मिळतो, मॅनेजरला हिरवा डॅशबोर्ड, क्लायंटला समाधान. आपल्याकडे फार तर सर्व्हर पडतो आणि सोमवारी सकाळी कॉल लागतो. तिथे टेबलावर माणूस झोपलेला असतो.

आता जे आक्षेप घेतले जातात त्यांच्याकडे वळू. तीन आहेत, आणि तिसरा खरोखर वजनदार आहे.

पहिला : "वीस वर्षांचा अनुभव आहे सरांना, त्यांना यादी कशाला?" याचं उत्तर १९३५ साली मिळालंय. अमेरिकेत बोईंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर विमान चाचणीच्या उड्डाणात कोसळलं. चालवणारा मेजर प्लॉयर हिल नवशिका नव्हता, चांगला मुरलेला टेस्ट पायलट होता. जमिनीवर असताना वाऱ्याने शेपटीकडचे भाग हलू नयेत म्हणून लावलेलं लॉक काढायचं राहून गेलं होतं. त्यानंतर वैमानिकांनी ट्रेनिंग वाढवा असं म्हटलं नाही, यादी बनवली. तेच विमान पुढे बी-१७ म्हणून दुसऱ्या महायुद्धात गाजलं. यादी अडाण्यासाठी नसते हो, अनुभवी माणसासाठीच असते. नवशिका घाबरून दहादा बघतो. हात सरावलेला असतो तेव्हाच एखादी पायरी नकळत गळते.

दुसरा : "वेळ जातो." तिन्ही थांबे मिळून काही मिनिटं जातात. पोटात राहिलेला मॉप काढायला दुसरं ऑपरेशन करावं लागलं तर किती वेळ जातो, ते विचारा.

तिसरा आक्षेप अभ्यासू लोक घेतात. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने २०१० पासून चेकलिस्टचा वापर किती होतो हे जाहीर करणं हॉस्पिटलांना सक्तीचं केलं. १०१ हॉस्पिटलांतल्या दोन लाखांहून जास्त ऑपरेशन्सचा हिशोब २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू ०.७१ टक्क्यांवरून ०.६५ टक्क्यांवर. संख्याशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर दखल घ्यावी असा फरकच नाही. गुंतागुंत ३.८६ वरून ३.८२. म्हणजे जवळजवळ जिथल्या तिथे! "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" असं म्हणायला पुष्कळ लोक पुढे आले.

प्रामाणिकपणे बोलायचं तर २००९ च्या अभ्यासावरही प्रश्न विचारता येतात. तिथे फक्त आधीची आणि नंतरची तुलना होती, चेकलिस्ट न वापरणारी हॉस्पिटलं शेजारी ठेवून पाहिलेली नव्हती. पण ऑन्टारिओचा धडा 'चेकलिस्ट निरुपयोगी' असा नाही. तिथे वापर जवळजवळ पूर्ण होतोय असं हॉस्पिटलं स्वतःच कळवत होती. आणि मोजमाप होतं चेकलिस्ट आणण्याआधीच्या तीन महिन्यांचं आणि नंतरच्या तीन महिन्यांचं. वरून हुकूम, खालून आकडा. हा प्रकार ओळखीचा वाटतोय ना? माझ्या बहिणीचे सहा फॉर्म आठवा.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात सक्ती केली नाही. हॉस्पिटलांना सांगितलं, या, शिका, कागद तुमच्या कामाप्रमाणे बदला, टीमला बोलायला लावा, आपसात सराव करा. ज्या १४ हॉस्पिटलांनी हा कार्यक्रम शेवटपर्यंत नेला तिथे ऑपरेशननंतरच्या ३० दिवसांतले मृत्यू २०१० मधल्या ३.३८ टक्क्यांवरून २०१३ मध्ये २.८४ टक्क्यांवर आले. राज्यातल्या बाकीच्या हॉस्पिटलांत त्याच काळात ३.५० वरून ३.७१. होय, स्वखुशीने आलेली हॉस्पिटलं मुळातच जास्त तळमळीची असणार, हे मान्य. पण माझा मुद्दा नेमका तोच आहे. तळमळ नसेल तर कागद मेलेला असतो.

आणि कागद सर्वशक्तिमान आहे असंही मी म्हणत नाहीये. उत्तर प्रदेशात बाळंतपणासाठी अशीच एक चेकलिस्ट मोठ्या प्रमाणावर राबवली, १२० आरोग्य केंद्रांत, दीड लाखांहून जास्त बायका, सोबत प्रशिक्षकसुद्धा. २०१७ मध्ये निकाल आला. योग्य पद्धती पाळण्याचं प्रमाण बरंच वाढलं, पण मृत्यू आणि गंभीर त्रास यांच्या आकड्यात फरक पडला नाही. माझ्या मते याचा अर्थ सरळ आहे. यादी आठवण करून देते, नसलेलं रक्त आणि नसलेला डॉक्टर आणून देत नाही. पण पुण्या-मुंबईच्या पंचतारांकित हॉस्पिटलात हे कारण चालणार नाही. तिथे सगळं आहे. फक्त "सर, एक मिनिट थांबा" म्हणण्याची मुभा नाही.

खरं दुखणं हेच आहे. आपण चेकलिस्टवर वाद घालतो, आणि वाद असतो उतरंडीचा. सगळ्यांनी नाव सांगायचं हा मुद्दा लोकांना सगळ्यात पोरकट वाटतो. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जिला एकदा त्या खोलीत तोंड उघडायला दिलं, स्वतःच्या नावाने बोलायला दिलं, ती चूक दिसल्यावर दुसऱ्यांदा तोंड उघडण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे सर्जन 'सर' आणि बाकी सगळ्या 'सिस्टर'. सिस्टरला नावच नाही, तर तिच्या शंकेला काय किंमत असणार? सहा वर्षं एकत्र काम करून सरांना माझ्या बहिणीचं नाव माहीत नाही. ती हे तक्रार म्हणूनही सांगत नाही, इतकं ते अंगवळणी पडलंय.

गंमत बघा. त्या आठ हॉस्पिटलांतल्या कर्मचाऱ्यांना नंतर विचारलं होतं. सुमारे ८० टक्के लोक म्हणाले, यादी वापरायला सोपी आहे. म्हणजे पाचातला एक कुरकुरतच होता. मग विचारलं, उद्या तुमचं स्वतःचं ऑपरेशन असेल तर ही यादी वापरलेली हवी का? ९३ टक्के म्हणाले, हवी! यावर मी आणखी काही बोलायची गरज आहे का?

तर मग करायचं काय? हॉस्पिटलांना एवढंच सांगणं आहे की कागद मोजणं बंद करा. महिन्यातून चार वेळा, न सांगता, कोणीतरी थिएटरच्या कोपऱ्यात उभं राहून ऐकू दे, कोण बोललं, कोण थांबलं. ज्या महिन्यात एकाही नर्सने एकदाही केस थांबवली नाही, त्या महिन्याचा रिपोर्ट शंभर टक्के भरलेला असेल तर तो अभिमानाने लावू नका, संशयाने बघा.

आणि आपण? पहिला थांबा आठवा, भूल देण्याआधीचा. तेव्हा पेशंट जागा असतो! नाव, ऑपरेशन, बाजू हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं असतं. म्हणजे या चेकलिस्टचा पहिला मुद्दा डॉक्टरांचा नाही, आपला आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तीन प्रश्न विचारा. यादी थिएटरमध्ये मोठ्याने कोण वाचतं? बाजूची खूण मी जागा असताना होणार ना? आणि सिस्टरांना काही खटकलं तर त्या केस थांबवू शकतात का? नम्रपणे विचारा, पण विचारा. सर्जन चांगला असेल तर त्याला राग येणार नाही. राग आला, तर तेही उत्तरच समजा.

"आपण कोण विचारणारे?" असं म्हणू नका. विम्याचं कार्ड, इंग्रजी आणि हॉस्पिटल बदलण्याची सोय आपल्याकडे आहे. सिव्हिलच्या व्हरांड्यात चादर टाकून बसलेल्या माणसाकडे यातलं काहीच नाही. आपण विचारलं नाही तर त्याच्या वतीने कोणीच विचारणार नाही, आणि माझी बहीण संध्याकाळी बसून टिका मारत राहील.

असो. पुढच्या शनिवारी मिसळ, नक्की.