सौदीची फौज मोजायची कशी?

दरवर्षी एप्रिलच्या सुमारास स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेचे लष्करी खर्चाचे आकडे येतात आणि आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक पोस्ट फिरू लागते. 2024 साली सौदी अरेबियाने सैन्यावर 80.3 अब्ज डॉलर खर्च केले, जगात सातवा नंबर. भारत पाचवा, 86.1 अब्ज. म्हणजे फरक फार नाही. पण आपण 140 कोटींच्या वर, आणि सौदीत 2022 च्या जनगणनेत माणसं भरली 3 कोटी 22 लाख. त्यातही चाळीस टक्क्यांहून जास्त बाहेरचे, आपले भाऊबंद धरून. पोस्टखाली कुणी ‘माशाअल्लाह’ लिहितं, कुणी विचारतं, ‘मग गाझासाठी काय केलं?’ दोघंही एक गोष्ट गृहीत धरतात: एवढा पैसा म्हणजे एवढी ताकद. गडबड तिथंच आहे.

ही गडबड सगळ्यात स्पष्ट दिसते ती राजदूतांच्या कागदपत्रांत. 2010 च्या अखेरीस विकिलीक्सने अमेरिकी दूतावासांच्या गुप्त तारा उघड केल्या. तेव्हा वर्तमानपत्रांनी एकच गोष्ट उचलली: राजे अब्दुल्ला यांनी अमेरिकेला ‘सापाचं डोकं छाटा’, म्हणजे इराणवर हल्ला करा, असं सुचवल्याची. ती तार एप्रिल 2008 ची. चर्चा इराणचीच झाली. माझ्या मनात वेगळाच प्रश्न आला. इतकी विमानं विकत घेणारा राजा दुसऱ्याला का सांगतो की तू लढ?

याचं उत्तर रियाधहून गेलेल्या दुसऱ्या तारांमध्ये सापडतं. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये सौदी फौज येमेनच्या सीमेवर हौथी लढवय्यांशी भिडली. समोर होते डोंगरातले, साधी शस्त्रं घेतलेले लोक. डिसेंबरच्या अखेरीस अमेरिकी दूतावासाने वॉशिंग्टनला जे कळवलं त्याचा मतलब असा: मोहीम लाज वाटावी इतकी लांबली, आखणी ढिसाळ, सौदी सैनिकांचे बळी नको तितके गेले. शिवाय दारूगोळा कमी पडला म्हणून अमेरिकेकडे तातडीची मागणी.

फेब्रुवारी 2010 ची तार तर वाचण्यासारखी आहे. राजदूत जेम्स स्मिथ संरक्षण खात्याचे सहायक मंत्री खालिद बिन सुलतान यांना भेटले. बॉम्ब एका दवाखान्यासारख्या इमारतीवर पडल्याचा संशय होता, त्याचे फोटो समोर ठेवले. शहजाद्यांनी चुका झाल्याचं नाकारलं नाही. नेमके नकाशे आमच्याकडे नाहीत, म्हणाले. लक्ष्यं येमेनचं सरकार कळवतं. एकदा तर कळवलेलं ठिकाण येमेनचेच जनरल अली मोहसिन यांचं मुख्यालय निघालं! वैमानिकांना शंका आली, त्यांनी हल्ला सोडून दिला, म्हणून वाचले. येमेनचे राष्ट्राध्यक्ष आणि हे जनरल यांचं आपसात जमत नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

आता गंमत बघा. या तारेचा शेवट काय? राजदूतांनी शिफारस केली की सौदीला उपग्रहाची चित्रं द्यावीत. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने सुमारे 60 अब्ज डॉलरच्या शस्त्रविक्रीची घोषणा केली, त्यात 84 नवी एफ-15 विमानं. परीक्षक आणि दुकानदार एकच. मी मास्तर आहे, म्हणून सांगतो: ट्यूशन घेणाऱ्यानेच पेपर तपासला तर पोरगा कच्चा आहे हे तो लिहील, पण उपाय म्हणून काय सुचवेल? आणखी ट्यूशन.

फौज कच्ची का राहिली, याची मुळं जुनी आहेत. 1952 मध्ये मिसर, 1958 मध्ये इराक, 1969 मध्ये लिबिया: तिन्हीकडे राजाची गादी लष्करी अफसरांनीच उलथवली. रियाधने त्यातून धडा घेतला आणि फौजा दोन ठेवल्या. एक संरक्षण मंत्रालयाची, दुसरी कबिल्यांमधून भरती केलेली नॅशनल गार्ड, अरबीत अल-हरस अल-वतनी. पहिली अनेक दशकं सुलतान यांच्या हातात, दुसरी त्यांचे सावत्र भाऊ अब्दुल्ला यांच्या. एकूण अडीच लाखांच्या आसपास सैनिक, त्यातले निम्मे गार्डमध्ये. अशी रचना घर राखायला ठीक. एकत्र लढायला नाही.

2015 मध्ये मोहम्मद बिन सलमान संरक्षणमंत्री झाले आणि मार्चमध्ये येमेनवर हवाई हल्ले सुरू झाले. त्या वर्षी लष्करी खर्चात सौदी अमेरिका आणि चीननंतर तिसरा होता. तरी सना हौथींच्याच ताब्यात राहिलं, आणि या युद्धाने येमेनच्या लेकरांचे काय हाल केले ते आपण पाहिलं आहे. पुढच्या वर्षी अल-अरबिया वाहिनीवर खुद्द मोहम्मद बिन सलमान बोलले: आमच्या लष्करी तळावर जा, खाली संगमरवर, भिंतींवर सजावट, पंचतारांकित थाट, अमेरिकेच्या तळावर जा, छतातले पाईप उघडे दिसतात. लष्करी खर्चातला जेमतेम 2 टक्के पैसा देशात राहतो, हेही व्हिजन 2030 मध्ये लिहिलं गेलं. राजदूतांनी गुपचूप लिहिलेलं युवराजांनी टीव्हीवर सांगितलं, एवढाच फरक.

मग 14 सप्टेंबर 2019. ड्रोन आणि क्षेपणास्त्रं अबकैक आणि खुरैसच्या तेल प्रकल्पांवर येऊन आदळली. रोजचं 57 लाख बॅरल उत्पादन, म्हणजे जवळपास निम्मं, एका पहाटेत बंद. अब्जावधींची पॅट्रियट यंत्रणा देशात होती, पण उपयोगी पडली नाही. अबकैक दम्मामपासून तासाभराच्या अंतरावर. आमच्या गावचे कित्येक जण दम्माम-जुबैल पट्ट्यात कामाला आहेत; त्या दिवशी घराघरांतून फोन चालू होते.

खर्चाचा हिशोब आपल्या दारापर्यंत येतो तो असा. तेलाचे भाव पडले, त्यात युद्ध, आणि 2015 मध्ये सौदी बजेटला 367 अब्ज रियालची तूट आली. ती भरून काढायला जे उपाय निघाले त्यात जुलै 2017 पासून परदेशी कामगाराच्या बायको-मुलांवर माणशी महिना 100 रियाल फी होती. ती वाढत 2020 मध्ये 400 झाली. व्हॅट 5 टक्क्यांवरून 15 वर गेला. माझ्या वर्गात 2018 च्या जूनमध्ये जुबैलहून परतलेली दोन सख्खी भावंडं आली. वडील तिकडे, आई आणि मुलं इकडे. मोठ्याला मराठी वाचताच येत नव्हतं. दहावी कशी होणार म्हणून आई माझ्यासमोर रडली.

खरेदी मात्र थांबलेली नाही. मे 2025 मध्ये ट्रम्प रियाधला गेले तेव्हा 142 अब्ज डॉलरच्या शस्त्रकराराची घोषणा झाली, नोव्हेंबरमध्ये एफ-35 ची. त्या दोन्हींच्या मध्ये 17 सप्टेंबरला पाकिस्तानशी संरक्षण करार: एकावर हल्ला तो दोघांवर. यंत्रं अमेरिकेची, माणसं पाकिस्तानची, असा हा हिशोब दिसतो. पाकिस्तानी सैनिक 1980 च्या दशकातही हजारोंनी तिथं तैनात होते, तेव्हा यात नवल नाही.

आपणही आता या बाजारात आहोत. डिसेंबर 2020 मध्ये जनरल मनोज नरवणे रियाधला गेले, भारताच्या लष्करप्रमुखांची ती पहिलीच सौदी भेट. फेब्रुवारी 2024 मध्ये रियाधच्या शस्त्रप्रदर्शनात पुण्याच्या म्युनिशन्स इंडिया कंपनीने सुमारे 22.5 कोटी डॉलरचा तोफगोळ्यांचा सौदा केला. सौदी फौज कशी आहे, किती आहे, याचा अहवाल आता आपला राजदूतही दिल्लीला पाठवत असणार. पेपर तपासणाऱ्यांच्या रांगेत आपणही बसलोय, आणि आपलीही ट्यूशन सुरू झाली आहे.