सायंप्रार्थना आणि सातबारा

परवा नातीने फोनवर विचारलं, "आजी, विश्वास रोजच्या जगण्याच्या केंद्रस्थानी ठेवायचा म्हणजे नक्की काय करायचं गं?" तिच्या चर्चमधल्या तरुण संघात तिला या विषयावर दहा मिनिटं बोलायचं होतं. मी पटकन सांगून टाकलं, रोज पवित्र शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची, रविवारची उपासना चुकवायची नाही. फोन ठेवला आणि मग माझं उत्तर मलाच आवडेना. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. गाईडमधून उचललेलं उत्तर ओळखायला मला वेळ लागत नाही, स्वतःचं असलं तरी!

खरं सांगायचं तर हे सगळं करूनही विश्वास घराच्या एका कोपऱ्यात पडून राहू शकतो. माझा राहिला होता. चांगला नऊ वर्षं.

आमच्या माहेरी सायंप्रार्थना कधी चुकली नाही. वडील नगर जिल्ह्यातल्या (२०२४ पासून अहिल्यानगर म्हणायचं, पण माझी जीभ अजून वळत नाही) एका खेड्यात मिशनच्या शाळेवर मास्तर होते. कंदील लागला की चटई अंथरायची, रेव्हरंड टिळकांचं एखादं पद म्हणायचं, वडील वाचायचे, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. टिळकांची पदं आपल्या मराठी भक्तिगीतांच्या वळणाची, त्यामुळे शेजारच्या माळकरी काकूही आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि मान डोलवायच्या. लग्नानंतर माझ्या घरीही हाच परिपाठ चालू राहिला. पाहुणे असोत, वीज गेलेली असो, पेपर तपासायचे असोत, प्रार्थना व्हायचीच. मला त्याचा थोडा अभिमानसुद्धा होता.

वडील २००३ साली गेले, आई २००६ साली. मागे अडीच एकर जमीन आणि दोन खोल्यांचं घर. सातबाऱ्यावर दादाचं आणि माझं नाव लागलं. त्याच वर्षी दादा हक्कसोडपत्र तयार करूनच आमच्याकडे आला. "सही कर. तुला पगार आहे, पुढे पेन्शन आहे. जमीन कसतो मी." मी नाही म्हटलं. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. कायद्याने निम्मं माझं होतं. पण खरं कारण कायदा नव्हतं. वडिलांच्या आजारपणात सुट्ट्या काढून मी जाऊन राहिले होते, आणि दादा मला पाहुण्यासारखं "तुझं इथे काय?" असं विचारत होता. ते लागलं. तो कागद घेऊन उठला, चहा तसाच राहिला. त्यानंतर बोलणं बंद.

बंद म्हणजे बंद. पुतण्याच्या लग्नाला मी अक्षता टाकल्या, जेवले नाही आणि परतले. आणि रोज संध्याकाळी डोळे मिटून आम्हाला क्षमा कर, जशी आम्ही इतरांना करतो, अशा अर्थाचं ते वाक्य म्हणत होते. ओठांना सवय असते ना, कुठे अडखळले नाही.

आता इथे मला जरा कडक बोलायचं आहे. या काळात आमच्या चर्चमधली भली भली माणसं मला समजवायला यायची. "बाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, विश्वासात मुरलेल्या. क्षमा करा ना भावाला!" चौकशी केली की कळायचं, क्षमा म्हणजे सही. दादाकडे जाऊन "बहिणीचा वाटा दे आणि क्षमा माग" असं कोणी सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. बायकांच्या बाबतीत क्षमा, नम्रता, सोशिकपणा हे शब्द फार स्वस्तात वापरले जातात, आपल्यात आणि इतरांतही. त्याला मी विश्वास मानत नाही. वचनाच्या कागदात गुंडाळलेला तो जुनाच व्यवहार आहे. सही केली नाही हे माझं बरोबरच होतं आणि आजही मला तसंच वाटतं.

पण अबोला बरोबर नव्हता, आणि ही गोष्ट मला एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाने शिकवली.

२०१५ साली निवृत्तीनंतर मी रविवारी मुलांचा वर्ग घेत होते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला तो भाग होता. वेदीपाशी अर्पण आणलं आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवावं, आधी भावाकडे जाऊन समेट करावा, मग येऊन अर्पण करावं. मी आपली सवयीने समजावून देत होते. हा पोरगा म्हणाला, "बाई, पण चूक कोणाची होती ते लिहिलंच नाही."

मी पुस्तकात पाहिलं. खरंच नव्हतं! इतक्या वेळा वाचलेला भाग, आणि मी मनात कायम "तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर" असाच वाचत आले होते. तिथे उलट आहे. त्याच्या मनात काही असेल तर मी उठायचं. न्याय कोणाच्या बाजूला हा प्रश्नच तिथे नाही. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. मी गेले नाही. पोट बिघडल्याचं सांगितलं, तेही खोटंच.

त्या आठवड्यात एसटीने गावी गेले. दादा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा निवडत बसला होता. मी म्हटलं, "दादा, सही मी करणार नाही. पण नऊ वर्षं बोलले नाही, ते माझं चुकलं." त्याने मान वर केली नाही. बराच वेळ. वहिनीने चहा आणला तेव्हा तिच्या हातातली कपबशी वाजत होती. निघताना दादाने न बोलता माझी पिशवी उचलली आणि स्टँडपर्यंत आला. "साडेपाचची येते वेळेवर," एवढंच म्हणाला. पिशवीत घरी येऊन पाहिलं तर शेंगा. कधी घातल्या कोण जाणे.

मला वाटतं, नातीच्या प्रश्नाचं उत्तर असंच कुठेतरी आहे. आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत तरी विश्वास आणि रोजचं काम अशी वेगळी फडताळं नव्हती. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर करत होत्या, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या मुली-बायकाच त्याचे खिळे जुळवत होत्या, छापत होत्या. दुष्काळातून उचलून आणलेल्या कितीतरी जणी त्या मिशनात होत्या. तिथे प्रार्थना कुठे संपली आणि छापखाना कुठे सुरू झाला हे कसं सांगणार? लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्या. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षं ती बाई विटाळ, सोवळं, कोणाच्या हातचं पाणी या साध्यासुध्या गोष्टींशी झगडत होती. मला तो भाग कोणत्याही प्रवचनाहून मोलाचा वाटतो, कारण झगडा स्वयंपाकघरात आहे, पाण्याच्या तांब्यापाशी आहे.

रोज सकाळी सहाला फोनवर वचन पाठवणारे माझे नातलग हे वाचतील, रागावू नका. वचनं येऊ द्यात. मला पण बरं वाटतं. फक्त ते पुढे ढकलण्याआधी एकदा आपल्या घरातल्या भांडी घासणाऱ्या बाईचा गेल्या महिन्याचा खाडा आपण कापला का, ते आठवून बघावं. मी एकदा कापला होता, तिचा मुलगा तापाने फणफणला होता तेव्हा. त्या दिवशीही सायंप्रार्थना झालीच होती.

जमिनीचं म्हणाल तर २०१७ साली रीतसर वाटप झालं. माझा तुकडा पुतण्या कसतो. एखाद्या वर्षी बाजरीचं पोतं येतं, एखाद्या वर्षी येत नाही. दादाला आता नीट दिसत नाही, म्हणून संध्याकाळी मी फोनवर त्याला एक अध्याय वाचून दाखवते आणि मग आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणतो. त्या क्षमेच्या ओळीपाशी त्याचा आवाज जरा बसतो, माझाही.

भांडणं संपली असं मात्र कोणी समजू नये. बांधावरच्या कडुलिंबाच्या झाडावरून गेल्या नाताळात चांगलंच वाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन त्याने केला की मी, ते काही मी इथे सांगणार नाही.